घर नंबर सतरा

डॉ. चंद्रकुमार बोपचेच्या गळ्यात अकरावा हार पडला, पण हार घालणाऱ्या म्हाताऱ्याने हात मागे घेतले नाहीत. हाराची दोन्ही टोकं धरून तो वाकला, बैलाच्या कानात सांगावं इतक्या हळू म्हणाला, “मी भैय्यालाल. हिरडाटोला, घर नंबर सतरा,” आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेत एका मुलीशेजारी जाऊन बसला. फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत चंद्रकुमारचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसासारखा आला आहे.

कुणी आपलं नाव सांगितलं तर घाबरायचं तसं काही कारण नसतं. पण हिरडाटोल्यात भैय्यालाल नावाचा माणूस नव्हता. हे चंद्रकुमारइतक्या खात्रीने जगात कुणालाच माहीत नव्हतं, कारण भैय्यालालला त्यानेच तयार केलं होतं. एकोणीस मे एकोणीसशे नव्याण्णव रोजी, देवरीच्या बसस्टँडसमोर, दुसरा आलुबोंडा यायच्या आधी. वय बावन्न, दोन बैल, त्यातल्या एकाचा डोळा अधू. हा डोळा अधू करताना त्याला बरं वाटल्याचंही आठवत होतं. आणि आता अठरा वर्षांनी तो माणूस गोंदियातल्या सभागृहात, खांद्यावर धुतलेला गमछा टाकून, आपल्या कर्त्याकडे एकटक बघत बसला होता. हारातून एक मुंगी निघून चंद्रकुमारच्या कॉलरच्या आत शिरली. स्टेजवर, सत्कारमूर्ती असताना, माणसाला मान खाजवता येत नाही. तो हसरा चेहरा ठेवून मुंगी कुठवर पोचली याचा अंदाज घेत राहिला.

माइकवर केशोराव होते. निवृत्त मुख्याध्यापक, समाजाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन त्यांच्याकडेच. समोर माइक असला की केशोरावांच्या तोंडात हिंदी येई आणि भावना अनावर झाल्या की मराठी. आपले पूर्वज माळव्यातून इकडे आले, जंगल तोडून त्यांनी धानाचे बांध घातले आणि त्याच मातीतून मुर्रीच्या केवलराम बोपचेंचा हा मुलगा दिल्लीच्या समित्यांपर्यंत गेला, असं सांगताना ते माळवा ते दिल्ली हा प्रवास एका दमात करत होते. धानाची रोवणी आटोपल्यामुळे सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेच्या मधोमध चंद्रकुमारची आई निर्मलाबाई बसली होती. तिच्या डाव्या हाताला चार खुर्च्या सोडून भैय्यालाल. चार खुर्च्यांचं अंतर चंद्रकुमारला फार कमी वाटलं. आई कुणाशीही बोलायला लागते, हा तिचा जुना दोष होता.

त्या मे महिन्यात तो सव्वीस वर्षांचा होता. नागपूरच्या मार्गदर्शकांनी चिचगडच्या पलीकडचं हिरडाटोला हे गाव दाखवून सांगितलं होतं, चाळीस घरं, चाळीस फॉर्म, बाकी मी बघतो. फॉर्म चार पानी, प्रश्न एकतीस. देवरीहून चिचगडची बस दहाला होती आणि दहाला चंद्रकुमारच्या हातात आलुबोंडा होता. बस निघाली तेव्हा त्याने हात वर केला, पण हातात आलुबोंडा असलेल्या माणसाला ड्रायव्हर निरोप देणारा समजला असावा. पुढची बस चारला. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं. तो टपरीत बसला आणि सराव म्हणून त्याने एक फॉर्म भरायला घेतला. प्रश्न पहिला, कुटुंबप्रमुखाचे नाव. समोर भिंतीवर मागच्या दिवाळीतल्या नाटकाचं पोस्टर लोंबत होतं, त्यावर कलाकारांची नावं. पहिलं नाव घेतलं. मग वाटलं, एका फॉर्मवरून सराव झाला की नाही ते कसं कळणार? दुसरा घेतला. भैय्यालाल हे नाव पोस्टरवर सगळ्यात खाली, खलनायकाच्या खाली, ‘हार्मोनियम’ असं लिहिलेल्या माणसाचं होतं. पोस्टर संपल्यावर टपरीवाल्याच्या नातेवाइकांची नावं विचारून घेतली. तेविसावा प्रश्न होता, अन्नधान्याची राखीव सोय. तिथे सोळा वेळा ‘नाही’ लिहून त्याला कंटाळा आला आणि कंटाळ्यात आई आठवली. भात टाकताना निर्मलाबाई माप भरून तांदूळ घेत असे आणि मग त्यातली एक मूठ परत मडक्यात टाकत असे. लहानपणी चुलीसमोर बसून त्याने ती मूठ हजारदा पाहिली होती. त्याने ती मूठ भैय्यालालच्या घरात टाकली. मग मागे जाऊन सगळ्यांच्या घरात टाकली. ज्याच्याकडे शेत नाही त्याला दोन मुठी दिल्या, कारण त्या गरीब माणसांविषयी आता त्याच्या मनात माया उत्पन्न झाली होती. चारच्या सुमारास चाळीस फॉर्म झाले आणि बस आली. कंडक्टर दारात लटकून विचारत होता, चिचगड, चिचगड, येऊन राहिले का जी? चंद्रकुमार म्हणाला, “जाऊन आलो.”

पुढचं सगळं त्या दोन शब्दांवर उभं राहिलं. ज्याच्याकडे कमी तो जास्त बाजूला ठेवतो, असं चाळीस घरं एकमुखाने सांगत होती. कागदावर जी रेघ खाली उतरायला पाहिजे ती वर चढत होती. मार्गदर्शकांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या रेघेला ‘हिरडाटोला वक्र’ हे नाव पडलं, तिच्यावर पुस्तक झालं, पुस्तकावरून समिती झाली, समितीवरून योजना झाली, आणि मनिला, नैरोबी अशा ठिकाणी चंद्रकुमार पडद्यावर मुठीचं चित्र दाखवत हिंडू लागला. विद्यार्थ्यांना तो वक्र पाच मार्कांना येऊ लागला. प्रत्येक भाषणात तो एक वाक्य न चुकता म्हणे, प्रत्यक्ष गावात जाण्याला पर्याय नाही. व्याख्यान संपून मागच्या रांगेत एखादा हात वर झाला की त्याला वाटे, हाच. हा देवरीचा. हात वर करणारा माणूस विचारी, पंखा जरा कमी करता येईल का? अठरा वर्षांत असे शेकडो हात वर झाले आणि एकही देवरीचा निघाला नाही, पण त्यामुळे भीती कमी होण्याऐवजी साठत गेली. आलुबोंडा त्याने सोडला. दिल्लीत लोक समजत, डॉक्टरसाहेब तब्येतीला जपतात.

एकदाच, दोन हजार सहा साली, सुट्टीत मुर्रीला आला असताना त्याने आईला विचारलं होतं की ती मूठ तू कुणासाठी ठेवत होतीस? पाहुण्यासाठी, भिकाऱ्यासाठी, की अडीअडचणीसाठी? तो पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना लिहीत होता. निर्मलाबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की ठेवायची कशाची बाप्पा, तुझ्या आजीचं माप होतं ते, सहा माणसांचं, आपण पाच, भात उरला असता. चंद्रकुमारने प्रस्तावना होती तशीच ठेवली. मग दिल्लीला जाऊन तो समितीचा अध्यक्ष झाला.

“अब दस मिनट चायपान,” केशोराव म्हणाले, “मग डॉक्टरसाहेब आपल्याले मार्गदर्शन करतीन.”

चंद्रकुमार स्टेजमागच्या खोलीत गेला. खोलीत मोडक्या खुर्च्या, पूर्वजांच्या तसबिरी आणि नवरा-नवरीचं एक सिंहासन होतं. त्याने हार काढले, शर्टाचं बटण सोडलं, मुंगी शोधली. सापडली नाही. दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. म्हातारा आत आला, मागोमाग ती मुलगी, छातीशी प्लॅस्टिकची फाइल धरून.

“तुम्ही कोण?” चंद्रकुमारने विचारलं.

“दुधराम मडावी,” म्हातारा म्हणाला. “पन कागदावर भैय्यालाल. तुमीच केला ना जी.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर सोयीचं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. तो सिंहासनाच्या कडेला टेकला आणि शेतातल्या पिकाविषयी सांगावं तसं सांगू लागला. दोन हजार पाच साली हिरडाटोल्यात योजनेच्या तीन जीपा आल्या. साहेबांच्या हातात पुस्तकाची मागची पानं होती, त्यावर चाळीस नावं. गावात घरं बावीस आणि चाळिसातलं एकही नाव कुणाचं नाही. साहेब म्हणाले, ही चाळीस माणसं भेटली तर गावाला बोअर मिळेल, नाही तर गाव यादीतून काढू. बाया तेव्हा दोन कोसांवरच्या नाल्यातून पाणी आणत होत्या. गावात सुखराम होता, दंडारीचा मास्तर. दंडार म्हणजे नाटकच, पुरुषच बाया होतात. सुखराम साहेबांना म्हणाला, माणसं तेंदुपत्त्याले गेली आहेत, उद्या या. आणि त्या दुपारी झाडाखाली बसून त्याने गावाला पार्ट वाटून दिले. काहींना दोन आले. सुखराम स्वतः चार जण झाला, त्यात एक विधवा. दुधरामला भैय्यालाल आला. बैल शेजाऱ्याकडून आणले आणि एकाच्या डोळ्याला हळद लावली. दुसऱ्या दिवशी कुणीही संवाद विसरलं नाही. साहेबांनी मुठीचं मडकं विचारलं, तर ते मात्र कुणाच्याच घरी नव्हतं, कसली मूठ तेही ठाऊक नव्हतं. मग साहेबांनीच पुस्तकातून वाचून दाखवलं आणि तेव्हापासून प्रत्येक घरात एक मडकं आहे. जीपा येतच राहिल्या. गोरे लोक आले, त्यांनी मुठी मोजल्या.

“अजूनही टाकता?” चंद्रकुमारने विचारलं.

“टाकतो ना जी. पोट भरला नाई तरी टाकतो. पुस्तकात लिहून आहे.” म्हाताऱ्याने गमछा खांद्यावर सारखा केला. “बोअर लागली पन. पानी गोड आहे.”

चंद्रकुमारने खुर्चीच्या पाठीला हात धरला, तो पाठीचा तुकडा निघून हातात आला. ज्या रेघेला जगात कुठेच जमीन नव्हती तिच्याखाली बावीस घरांनी बारा वर्षं आपापल्या ताटातला भात लावून ती उचलून धरली होती. ती आता खरी होती. एखाद्याने उद्या जाऊन प्रामाणिकपणे मोजलं तरी ती वरच चढणार होती. हा दिलासा आहे असं त्याला क्षणभर वाटलं आणि मग त्या क्षणाचीच किळस आली. त्याने विचारलं, बारा वर्षं हे चाललंय, तर मग आज का? म्हातारा म्हणाला की त्याचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, सगळीकडे भैय्यालाल लागला आणि दुधराम मडावी ‘स्थलांतरित’ म्हणून खोडला गेला, तरी त्याने तक्रार केली नाही.

“दर वर्षी माघात कचारगडले जातो. गुफेत देवाले खरा नाव सांगून येतो. बाकीचे दिवस तुमचाच आहो.”

मग तो मुलीकडे वळला. मुलीचं नाव रविता. अठरा पूर्ण, बारावी पास, सरकारी नर्सिंगला नंबर लागलेला. तिने फाइल उघडली आणि चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक पैसे मोजतं त्या सफाईने कागद एकेक करून सिंहासनावर मांडले. शाळेच्या दाखल्यावर वडील दुधराम. जन्मदाखल्यावर दुधराम. वडिलांच्या सगळ्या कागदांवर भैय्यालाल. सोमवारी कागद तपासतात. खिडकीवरचा बाबू म्हणाला, यादी डॉक्टरांच्या पुस्तकातून आली, डॉक्टरांनी डोळ्यांनी भैय्यालाल पाहिला असं त्यात छापून आहे, तर आता दुरुस्ती डॉक्टरच करू शकतात.

“माझा बाप कोन हाय, तेवढं लिहून द्या सर,” रविता म्हणाली.

बाहेर केशोराव कपबशांच्या आवाजावर आवाज चढवून लोकांना आत बोलावत होते. चंद्रकुमारच्या डोक्यात मात्र एकदम सगळं स्वच्छ झालं. समितीत असंच होत असे. सगळे अडकले की तो एक वाक्य सुचवी आणि कुणाचंच काही जात नसे. त्याने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे भराभर लिहिलं: परिशिष्टातील घर क्रमांक सतरा येथे ‘भैय्यालाल’ऐवजी ‘दुधराम मडावी’ असे वाचावे, मी त्यांना दि. १९ मे १९९९ रोजी प्रत्यक्ष भेटलो होतो. मुद्रणदोषाबद्दल दिलगीर आहे. सही केली. तारीख घातली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. रविताने ओठ हलवत ते वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“हे नाई चालणार.”

“का?”

तिने जन्मदाखला त्याच्याकडे सरकवला. जन्मतारीख अठरा मे एकोणीसशे नव्याण्णव, ठिकाण रायपूर. दुधराम म्हणाला, त्या उन्हाळ्यात आमी दोघं नवराबायको तितं मातीकामावर होतो जी, ही तितंच झाली, दवाखान्याच्या कागदावर माजा अंगठा आहे. तो अंगठा कोपऱ्यात खरोखरच होता, जांभळा, तारीख एकोणीस. म्हणजे जगातला दुधराम त्या दिवशी रायपूरला होता. चंद्रकुमारने तो हिरडाटोल्यात भेटला असं लिहिलं, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून बाबू दोन्ही फेकणार होता. भैय्यालाल खोटा होताच. त्याने आता दुधरामलाही खोटा करून ठेवला होता, एका परिच्छेदात, सफाईने.

“मंग तुमी भेटले कोनाले?” दुधरामने विचारलं. त्याला खरंच कुतूहल होतं. “बारा वर्स मी त्याचा पार्ट करून राहिलो. कसा होता तो? मी बराबर करतो का नाई, कोनाले विचारावं?”

हा प्रश्न चंद्रकुमारला नैरोबीत कुणी विचारला नव्हता. त्याला आठवला तो मे महिना, डांबराचा वास, तेलात फुगणारा आलुबोंडा. काय सांगणार, की तो हार्मोनियम वाजवत असे? दारातून केशोरावांनी डोकं घातलं, म्हणाले, चलिये सर, पब्लिक बसली आहे, आणि म्हाताऱ्याकडे बघून म्हणाले, काऊन गा, साहेबांले तंग करून राहिला? चंद्रकुमार म्हणाला, ते माझे पाहुणे आहेत. ते लिहिलेलं त्याने फाडलं. चार तुकडे केले, कुठे टाकायचे कळेना, खिशात ठेवले, आणि स्टेजवर गेला.

माइकसमोर उभं राहिल्यावर मुंगी चावली. नेमकी मणक्यावर. समोर दोनशे चेहरे होते, आई होती, आणि चार खुर्च्या सोडून बाप-लेक पुन्हा आपल्या जागी बसले होते. रविताच्या मांडीवर फाइल. त्याला एक सोपा रस्ता अजून दिसत होता: भाषण करायचं, गाडीत बसायचं, सोमवार आपोआप येईल आणि जाईल. एक मुलगी नर्स होणार नाही. कुणालाही पाच मार्कांना येणार नाही असा हा विषय.

“मी हिरडाटोल्याला कधी गेलोच नाही,” चंद्रकुमार म्हणाला.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. केशोराव शेजाऱ्याला म्हणाले, किती नम्र माणूस पाहा. चंद्रकुमार टाळ्या थांबेपर्यंत थांबला. तो पुन्हा म्हणाला की मी देवरीच्या बसस्टँडसमोर बसून चाळीस फॉर्म एका दिवसात भरले, नावं नाटकाच्या पोस्टरवरची. यावर हशा झाला. चांगला, मोकळा हशा. मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली. मोठ्या माणसाचे विनोद समजतात हे दाखवायला लोक जास्तच हसत होते. फक्त दोन माणसं हसत नव्हती, आणि त्यांच्याकडे बघून चंद्रकुमारने तिसऱ्यांदा सांगितलं. या वेळी एकेक शब्द, इयत्ता चौथीला शुद्धलेखन घालावं तसा. भैय्यालाल नव्हता. बैल नव्हते. मूठ हिरडाटोल्यात नव्हती, माझ्या घरात होती, आणि घरातही ती तशी नव्हती.

हसू कुठे थांबवावं ते लोकांना कळेना. ते तुकड्या-तुकड्यांनी थांबलं. एका खुर्चीचा पाय फरशीवर करकरला. त्या शांततेत निर्मलाबाई शेजारणीला सांगत होती, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, “मी तं तवाच सांगितला होता त्याले. माप मोठा होता.”

केशोराव माइककडे झेपावले, म्हणाले, साहेबांची तब्येत, प्रवासाचा शीण. चंद्रकुमारने माइक सोडला नाही. तेवढ्यात रविता स्टेजवर चढून आली होती. तिने घाईही केली नाही आणि त्याच्याकडे कौतुकानेही बघितलं नाही. फाइलमधून एक कोरा कागद काढला, मानपत्राच्या काचेवर ठेवला, पेनचं टोपण उघडून पेन त्याच्या हातात दिलं.

“बोललेलं नाई चालत सर. लिहून पाहिजे.”

चंद्रकुमारने लिहिलं, मी गेलो नाही. मी भैय्यालाल पाहिला नाही. या माणसालाही मी त्या दिवशी पाहिलं नाही, कारण तो रायपूरला होता. मग पुढची ओळ आली, आणि तिथे हात थांबला. ‘हा माणूस’ कोण, ते लिहायला हवं होतं. ते त्याला खोलीत समजलं होतं, कागदावरही होतं, पण या वेळी ते विचारूनच लिहायचं होतं. त्याने वर बघितलं. दुधराम पायऱ्यांशी उभा होता, गमछा हातात घेऊन.

“कुटुंबप्रमुखाचं नाव?” चंद्रकुमारने विचारलं. माइक चालूच होता, प्रश्न भिंतींवर आपटून परत आला. एकतिसातला हा पहिला प्रश्न. तो आयुष्यात पहिल्यांदाच विचारत होता.

म्हाताऱ्याने घसा साफ केला. बारा वर्षांच्या सवयीने त्याच्या ओठांवर ‘भै’ आला, सगळ्यांना दिसला, आणि तिथेच थांबला. त्याने मुलीकडे पाहिलं. ती पुढचा शब्द सांगणार नव्हती.

“दुधराम,” तो म्हणाला. चंद्रकुमार लिहू लागला. “थांबा जी,” दुधराम म्हणाला, “बापाचा पन नाव लिहा,” आणि एकेक पायरी चढत, नीट दिसावं म्हणून, कागदाजवळ आला.